एकट्या कुत्र्याच्या गळ्यात

७ जानेवारी

चि. मास्तरीणबाईंना बापाचा आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. तुझी आई परवा तुझ्याकडून परत आली ती गुडघ्यांना शिव्या देत पण मजेत आली, आणि तेव्हापासून तुझ्या घरातल्या पडद्यांचं कौतुक ऐकून माझे कान किटले आहेत.

फोन सोडून कागद का, ते तुला ठाऊक आहे. फोनवर मी तीन शब्द बोलतो, तू दोन बोलतेस, आणि मग म्हणतेस, "आईला द्या." शिवाय चाळीस वर्षं कुत्र्यांना हुकूम सोडून माझा आवाजच तसा झालाय. मी नुसतं "बरी आहेस ना?" विचारलं तरी समोरच्याने खाली बसायच्या बेतात यावं, असं तुझी आई म्हणते. कागदावर माणूस जरा सभ्य दिसतो.

आता मुद्द्याचं. नातीने वाढदिवसाला कुत्र्याचं पिल्लू मागितलं आणि तू नाही म्हणालीस, असं कळलं. नाही म्हणायचा हक्क तुझा आहे. पण पोरगी तीन दिवस रुसून बसली, जावई मध्ये पडले, खालच्या मजल्यावरच्या कुत्रीला पाच पिल्लं झालीत आणि ती माणसं घर शोधताहेत, तरी तू ऐकायला तयार नाहीस. एवढा कसला हट्ट? सहा वर्षांच्या पोरीला पिल्लू मिळालं तर तिचं काही बिघडत नाही. तुझंही बिघडलं नव्हतं.

घेऊन टाक. आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नकोस. गळ्यात कापडी पट्टा घाल, आत दोन बोटं सहज जातील इतका सैल. बाहेर न्यायला छातीपट्टा, म्हणजे ओढलं तरी गळ्यावर ताण येत नाही. पहिली आज्ञा शिकवायची ती "ये". आणि "ये" म्हणून बोलावल्यावर कधीही रागवायचं नाही, मग त्याने जावयांचा नवा बूट का खाल्ला असेना. रागवायचंच असेल तर आपण उठून त्याच्याकडे जायचं. बोलावून रागावलेलं कुत्रं पुन्हा हाकेला येत नाही.

हे मी कोणाला शिकवतोय! सात वर्षांची असताना तू पाच कुत्री ओळीने बसवून त्यांची हजेरी घ्यायचीस. गैरहजर असलेल्यालाही ओरडायचीस. मास्तरीण हे नाव पडलं ते तेव्हाच.

साखळी मात्र आणू नकोस. वाचून हसशील, पण लिहितोय ते शुद्धीवर लिहितोय. साखळी नको.

पिल्लू घेतलंस की कळव. एवढ्यासाठीच लिहिलं.

तुझा
बाबा


२८ जानेवारी

चि. मास्तरीणबाई,

तुझं उत्तर पोचलं. पत्राचं उत्तर आईच्या फोनवरून द्यायची पद्धत नवी आहे, पण पोचलं. "बाबांना सांग, माझ्या हाताला कुत्रं लाभत नाही. त्यांना माहीत आहे." तुझ्या आईने ते मला भाजी निवडता निवडता सांगितलं. सांगितलं आणि वर बघितलं नाही.

तिने आणखीही काही सांगितलं. तू घरातून निघताना गॅस चार वेळा बघतेस. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जातेस आणि परत येऊन ओढून बघतेस. कचेरीतून जावयांना फोन करतेस, की मी इस्त्री बंद केली होती का. जावई म्हणतात, आमच्या घरात कुलपालासुद्धा हजेरी द्यावी लागते. सांगताना तुझी आई हसली. मला हसू आलं नाही.

विषय तूच काढलास म्हणून लिहितो. कारभारी गेला त्याला येत्या महिन्यात बारा वर्षं होतील. तसं कुत्रं घरात पुन्हा झालं नाही. तो कसा गेला ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. शेडमधल्या जाळीच्या खोलीत त्याच्या गळ्यातली साखळी दाराच्या आकड्यात अडकली. त्या शेडच्या दारावर माझ्याच हातचं रंगाने लिहिलेलं आहे, अजून आहे: एकट्या कुत्र्याच्या गळ्यात साखळी नाही. ओढलं की आवळणारी ती साखळी. दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणूस असेल तरच ती गळ्यात, एरवी खिळ्यावर. तुला अक्षरं येत नव्हती तेव्हापासून तुला हा नियम पाठ होता.

इथे मी दोन ओळी खोडल्या आहेत. तू कागद उजेडाला धरून वाचशील, तुझी लहानपणापासूनची खोड आहे. नको वाचूस. त्यात चूक सगळ्यांकडूनच होते वगैरे शहाणपण होतं.

दुसरंच सांगतो. टपाल कचेरीतल्या एक बाई सध्या कुत्री घेऊन येतात. पांढरी, बारकी, रस्त्यावरून उचलून आणलेली. त्या तिला कापशी म्हणतात. पहिल्या दिवशी मी नेहमीसारखी साखळी खिळ्यावरून काढली, ती नुसती खणकली, आणि कापशी जमिनीला चिकटली. पोटाखाली ओलं झालं. हिसका दिला नव्हता, गळ्यात घातली नव्हती, नुसता आवाज. बाई म्हणाल्या, "हिला कुणीतरी आधी शिकवलेलं दिसतंय." अपमान करायचा म्हणून म्हणाल्या नाहीत. पण लागलं.

आता मी काय करतो, ऐक. आवारात पाटावर बसतो. खिशात उकडलेल्या अंड्याचे तुकडे. कापशीने माझ्याकडे बघितलं की एक तुकडा टाकायचा. जवळ आली की दोन. दोरी लांब आणि ढिली, हातात असून नसल्यासारखी. सतरा दिवसांत ती माझ्या बुटापर्यंत आली आहे. हेच तू चोरून करायचीस, बिस्किटं फ्रॉकच्या खिशात घालून, आणि मी म्हणायचो, मास्तरीणबाई लाच देऊन शिकवतात. सुंभ जळायची वेळ आली तेव्हा माझा पीळ थोडा सुटलाय.

बाईंनी काल विचारलं, ही फार भुंकते, हिला "गप्प" शिकवाल का? मी नाही म्हटलं. ती आज्ञा मी शिकवत नाही. बारा वर्षं झाली.

पिल्लाचा पुन्हा विचार कर.

बाबा


१६ फेब्रुवारी

मास्तरीण,

हे पत्र एकटी असताना वाच. नात शाळेत गेली की वाच.

त्या दिवशी साखळी कारभारीच्या गळ्यात तू ठेवली नव्हतीस. मी घातली होती.

झालं लिहून. बारा वर्षं अडलेलं वाक्य, आणि बघ, एका ओळीत मावलं.

आता नीट सांगतो. तू सकाळी त्याला फिरवून आणलंस आणि अर्ज भरायला कॉलेजात गेलीस. अकराच्या सुमाराला एक गोदामवाले येणार होते. त्यांना राखणीसाठी सहा कुत्री शिकवून हवी होती. मी त्यांना नमुना म्हणून कारभारी दाखवणार होतो. दुसरं होतं कोण दाखवण्यासारखं? आठ वर्षांचं कुत्रं, नुसत्या बोटाच्या खुणेवर बसायचं, थांबायचं, पन्नास पावलांवरून वळायचं. घरात कोण आलं, कोण गेलं, दूध कधी आलं, सगळ्यावर देखरेख. म्हणून तर आई त्याला कारभारी म्हणायची, आणि वर मला ऐकवायची, "घरात एक तरी कामाचा कारभारी आहे." ती सगळी तुझी शिकवण होती. फिरायला नेताना साखळी गळ्यात असायची तेवढीच, तिचा हिसका त्याला कधी लागलाच नाही.

पण गिऱ्हाइकाला साखळी दिसली नाही तर ते कुत्रं त्याला लाडावलेलं वाटतं. आणि खरं सांगायचं तर साखळीशिवाय ते कुत्रं माझं वाटलं नसतं. म्हणून मी ती घातली. तेवढ्यात फाटकावर गाडी वाजली. दोन मिनिटांत येतो म्हणून मी त्याला जाळीच्या खोलीत सोडलं, दार लावलं आणि गोदामवाल्यांना ऑफिसच्या खोलीत बसवलं. बोलण्यात दोन मिनिटांची चाळीस झाली. त्याने दारावर उडी मारली असणार आणि साखळीची कडी आकड्यात अडकली असणार. मला काही कळलं नाही. आवाज आला नाही.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने ऐक. त्यांना शेड दाखवायला मी दार उघडलं आणि तो दिसला. ते गृहस्थ शेडच्या दारातूनच निघून गेले. तुझी आई धावत आली. आणि त्याच वेळी तू हातात फाईल घेऊन फाटकातून आत आलीस. आई ओरडली, "साखळी कुणी ठेवली याच्या गळ्यात?"

मी म्हणालो, "सकाळी फिरवून कुणी आणलं होतं?"

तू म्हणालीस, "मी. पण मी काढली होती, बाबा."

मी म्हणालो, "नीट आठव."

बस, एवढंच. मी खोटं बोललो नाही, एक प्रश्न विचारला आणि दोन शब्द बोललो, ही वकिली मी बारा वर्षं माझ्यापुढेच करत आलोय. न्यायाधीशही मीच, त्यामुळे दर वेळी सुटतो.

तू शेडच्या पायरीवर बसून आठवत राहिलीस. जेवायला उठली नाहीस. ऊन पायरीवरून भिंतीवर गेलं, तरी आठवत होतीस. मग उठून माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, "काढली नसेन." मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी मनात म्हटलं, आज नको, आज सगळेच हबकलेत, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, एक दिवस उशीर का केला ते आधी सांगावं लागेल. मग दर दिवसाचं व्याज चढत गेलं.

का केलं, विचारशील. तुझ्या आईच्या नजरेतून उतरायची भीती वाटली. दारावर नियम लिहिणारा माणूस मी, आणि मीच तो मोडला, हे तिला कळू नये. वड्याचं तेल वांग्यावर काढलं, आणि वांगं म्हणून पोटची पोर सापडली. मला वाटलं, तू लहान आहेस, विसरशील. कुत्रीच बघत आलो ना जन्मभर. कुत्रं विसरतं असाही माझा समज होता, तोही कापशीने खोटा ठरवला.

तू कुत्री सोडलीस. वर्षाने हॉस्टेलवर गेलीस आणि तिथून पत्र पाठवलंस, बाबा मला माफ करा. ते पत्र माझ्याकडे आहे. त्याला मी उत्तर दिलं होतं: "झालं ते झालं. मी तुला केव्हाच माफ केलं आहे." टाकण्याआधी तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुमचं मन मोठं आहे. मी ते ऐकून घेतलं. चहासुद्धा प्यालो.

तुझ्या हाताला कुत्रं लाभतं. तुझ्याइतकं कुणाच्याच हाताला लाभलेलं मी बघितलं नाही.

बाबा


१९ फेब्रुवारी

मास्तरीण,

आधीचं पत्र तुला पोचायच्या आत हे लिहितोय. त्यात एक गोष्ट खोटी आहे.

काल मी तुझ्या आईला सांगितलं. दोन दिवस खिशात राहिलेलं पत्र टाकून आलो, चपला काढल्या आणि उभ्यानेच सांगितलं, बसलो असतो तर सांगून झालं नसतं. मला वाटलं होतं, ती आरडाओरडा करेल. भांडी आपटेल. त्याची माझी तयारी होती. ती टेबल पुसत होती, ते पूर्ण पुसलं. फडकं धुतलं, पिळलं, वाळत टाकलं. मग माझ्यासमोर येऊन बसली.

"मी पोरीला काय बोलले होते त्या दिवशी, लक्षात आहे तुमच्या?" म्हणाली.

माझ्या लक्षात होतं. "जीव होता तो, सायकल नव्हे, कुठेही लावून जायला." तू मान खाली घालून ऐकलं होतंस.

"तेव्हा तुम्ही तिथेच उभे होतात," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

मग तिने विचारलं, "ऑफिसच्या खोलीतून शेड वीस पावलं. एवढं थोरलं जनावर तडफडलं. तुम्हाला आवाज नाही आला?"

तुला मी लिहिलंय, की आवाज आला नाही. तिलाही तेच सांगायला तोंड उघडलं. पण तिच्याकडे बघून सांगता येईना.

आवाज आला होता. जाळी खडखडली. मी गोदामवाल्यांना सांगत होतो, की आमच्याकडच्या कुत्र्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. जाळी पुन्हा खडखडली, जोरात. घशातून काढल्यासारखा एक आवाज आला. मला वाटलं, बाहेर यायचं म्हणून दंगा करतोय. माझा फजितवाडा होऊ नये म्हणून मी बसल्या जागेवरून ओरडलो, "गप्प!"

दोनतीनदा आणखी खडखडाट झाला आणि मग तो गप्प झाला.

मी गोदामवाल्यांकडे वळून म्हणालो, "बघितलंत? एका शब्दात."

ते म्हणाले, वा.

मी हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाही पुरतं सांगितलं नव्हतं. तेव्हा उठलो असतो तर तो वाचला असता. वीस पावलं. उठलो असतो, कडी सोडवली असती, गळा चोळला असता, आणि जेवणाच्या वेळेला तो तुझ्या खुर्चीखाली असता. साखळी घातली ती चूक होती. चूक माणसाकडून होते, ते मी खोडलेलं वाक्य खरं आहे. पण ओरडलो ती चूक नव्हती, तो मी होतो. तसाच होतो मी. कुत्र्यांशी, तुझ्याशी, सगळ्यांशी. गप्प म्हणायचं आणि समोरचं गप्प झालं की माझं कौशल्य समजायचं.

तू पायरीवर बसून आठवत होतीस ना, तेव्हाही मी तेच केलं. "नीट आठव" म्हणालो आणि तू गप्प झालीस.

तुझी आई हे ऐकून उठली आणि पिशवी भरायला लागली. मी विचारलं, "कुठे निघालीस?" ती म्हणाली, "पोरीला बोलले ते परत घ्यायला. पत्रावर नाही घेता येत मला, तुमच्यासारखं." शनिवारच्या सकाळच्या गाडीने येतेय. तिच्या गुडघ्याचं औषध मी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलंय, ती विचारणार नाही, तू काढून दे. रोज जेवणानंतर एक.

किती दिवस राहणार, ते मी विचारलं नाही.

बाबा


१२ मार्च

तुझं पत्र काल आलं. टपालवाल्या बाईंनीच स्वतः आणून दिलं, कापशीला घेऊन येणार होत्या म्हणून. पाकिटावरचं अक्षर बघून मी ते उघडायला शेडमध्ये गेलो. कापशी बाहेर थांबली.

वर मायना नाही, खाली सही नाही. ते बरोबरच आहे. म्हणून मीही वर काही लिहिलेलं नाही.

तू लिहिलंयस, तुला माझं काही ऐकायचं नाही. कारण नको, पश्चात्ताप नको, आणि कुत्र्याच्या निमित्ताने केलेली चौकशीही नको. मान्य. माफीचं मी लिहिणार नव्हतोच. तो शब्द मी एकदा वापरून नासवला आहे.

आई तुझ्याकडे आहे, तिथेच राहू दे. मला हाताने करून खाता येतं. पहिला आठवडा करपलं, आता जमतं. हे तू विचारलेलं नाहीस, खोडायला हवं, पण राहू दे.

तू एकच प्रश्न विचारला आहेस. लिहितेस, की बारा वर्षं तुला एक दृश्य दिसतं. तू कारभारीला आत आणलंस, त्याच्या डोक्यावरून साखळी काढलीस, त्याने अंग झाडलं, आणि तू ती खिळ्यावर लावलीस. इतकं स्पष्ट दिसतं, की त्याने झाडलेल्या धुळीने तुला शिंक आली तेही दिसतं. आणि बारा वर्षं तू स्वतःला सांगत आलीस, की हे खरं नाही, अपराध झाकायला हे मी मागाहून मनात रचलं आहे. मग जे जे स्पष्ट दिसेल त्यावर तुझा विश्वास बसेनासा झाला. कुलूप लावलेलं दिसतं, म्हणून तर ते लावलेलं नसेल, असं वाटतं. पोरीला शाळेच्या दारात सोडलेलं दिसतं आणि तू रस्त्यातून परत फिरतेस, खरंच सोडली का बघायला. "मला फक्त एवढं सांगा," तू लिहितेस, "तुम्ही घ्यायला गेलात तेव्हा साखळी कुठे होती?"

मला वाटायचं, मी तुझं एक कुत्रं घेतलं. फार तर तुझं काम घेतलं. तुझे स्वतःचे डोळे तुझ्याकडून काढून घेतले, हे मला तुझं पत्र येईपर्यंत ठाऊक नव्हतं. काल दुपारी मी त्या पायरीवर बसलो होतो, जिथे तू बसली होतीस. रडलो. ते तुला सांगण्यात अर्थ नाही, पण घडलं ते लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कोर्टात उभा असल्यासारखं देतो, काही घालणार नाही आणि काही गाळणार नाही.

मी शेडमध्ये गेलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. जाळीच्या खोलीचं दार लावलेलं होतं, अडसर पूर्ण सरकवलेला. कारभारी आत पोत्यावर झोपला होता. त्याचा गळा मोकळा होता. पाण्याचं भांडं भरलेलं होतं, काठोकाठ, म्हणजे तू जाण्याआधी भरलं होतंस. चामड्याची दोरी गुंडाळून कपाटावर ठेवलेली होती. साखळी भिंतीला होती, खिडकीकडून तिसऱ्या खिळ्यावर, मोठी कडी वर आणि दोन्ही पदर सारखे लोंबते. घरात तशी लावायची सवय फक्त तुला होती, मी ती नुसती अडकवायचो. मी हात वर करून ती काढली. मला लक्षात आहे, कारण ती थंड होती, आणि त्याच्या गळ्यात घालण्याआधी मी ती क्षणभर मुठीत धरली होती.

त्याने अंग झाडलं का आणि तुला शिंक आली का, हे मला माहीत नाही. तेव्हा मी तिथे नव्हतो. तू होतीस. तुला दिसतं तर तसंच झालं असणार.

साखळी खिळ्यावर होती. तू ती काढली होतीस.